देवरामची गाठ सुटली नव्हती

मी मूळचा करडीचा. मोहाडी तालुक्यातलं धानाचं गाव. आमच्या चार बांध्या होत्या अन् आम्ही पाच भाऊ, तर बाप म्हणला, शालिक, तू वावरात मावत नाही गा, तू लोखंडाचं काही शीक. तसा मी भंडाऱ्याले आयटीआयले गेलो, टर्नर झालो अन् वरठीले लागलो. वरठीचा तो मोठा कारखाना म्हणाल तर तो नाही, त्या भागात तेव्हा लहानसहान मिला होत्या, त्यातली एक, लोखंडाच्या पट्ट्या काढणारी, आता बंद पडून तिथं बाभळी उगवल्या आहेत. लेथपाशी उभं राहून माही सारी उमर गेली. शालिकराम मते म्हणलं की वर्कशॉपात लोक एकच सांगत, मतेचं काम पाहावं लागत नाही. तीच गोष्ट पुढं नडली, मले नाही, दुसऱ्याले नडली.

काय सांगू तुम्हाले, आज लोक मले ओळखतात ते लेथमुळं नाही. करडीच्या पुढं जंगलाच्या कडेले एक कातळ आहे, सूपदगड म्हणतात, धान पाखडायचं सूप उभं करून ठेवावं तसा सरळ उभा, सत्तरेक फूट. त्याच्या बरोबर मधून एक चीर वरपर्यंत गेली आहे. खाली कॉलेजच्या पोरांनी पाटी लावली होती, तिच्यावर लिहिलं होतं, मधली चीर, पहिले आरोहण शालिकराम मते. माहा सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला, पेपरात फोटो आला, कौसल्यानं, म्हणजे माह्या बायकोनं, तो काचेत मढवून भिंतीले लावला. अन् ते खोटं होतं. पूर्ण खोटं असतं तर लवकर उघडं पडलं असतं, अर्धं खोटं होतं म्हणून वीस-बावीस वर्षं टिकलं. सत्तरीले आलो, मंग तुम्हाले म्हणलं, बसा, लिहून घ्या, मी मेल्यावर कोणी दुसरं सांगायले नको.

देवरामपासून सुरू करतो. देवराम पराते, मोहाडीचा कोष्टी. त्याच्या घरी बापजाद्यापासून हातमाग, पण लुगडी खपेनात, माग बंद पडले, तसा तो आमच्या मिलमध्ये खलाशी म्हणून लागला. खलाशी म्हणजे आमच्याकडं क्रेनले माल बांधून देणारा, दोर-साखळी त्याच्या हाती. अन् हात कसे होते सांगू, कोष्ट्याचे हात ते, लहानपणापासून मागावर तुटलेला धागा जोडलेला, इतकी बारीक गाठ की कापडात बोटाले लागत नाही. देवराम टनाचा माल बांधे अन् त्याच्याखालून लोक बिनधास्त डबा घेऊन जात. मी लेथवरून ओरडे, काय गा देव्या, लुगडं विणून राहिला का? तो म्हणे, तू आपलं लोखंड सोल बे, आलू सोलल्यासारखं. असं आमचं होतं. दुपारचा डबा एका जागी बसून खात होतो.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची गोष्ट. आमच्या मालकानं विलायतेतून एक जुनी मशीन आणली. तिकडची मिल बंद पडली होती, मशीन भंगारात चालली होती, ती यानं घेतली. पण ती मशीन सुटी सुटी होऊन पेट्यांत आली, जोडणार कोण? तर तिच्यावर तीस वर्षं काम केलेला एक म्हातारा फिटर तिच्यासोबत आला, आर्थर नावाचा. आम्ही आर्थर साहेब म्हणू, तो म्हणे साहेब नको, पण आमच्या तोंडी तेच बसलं. उंच, वाळका, हाताची बोटं गाठाळलेली. मशीनच्या पेट्या उघडताना एकेक पार्ट असा हातात घेई जसं कोणी गावाकडून आलेल्या पाहुण्याले चाचपून पाहावं. माही आयटीआयची इंग्रजी, त्याचे हातवारे, यात आमचं भागे. देवरामले इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता अन् त्याचंच साहेबाशी सगळ्यात जास्त जमलं. दोघं दोरीत बोलत.

ते कसं झालं, तर एकदा देवरामनं पेटी बांधली अन् साहेब ती गाठ पाहातच राहिला. त्यानं खिशातून सुतळी काढून आपली एक गाठ मारून दाखवली, देवरामनं ती पाहून तशीच उलट्या हातानं मारली. साहेब हसला, म्हणला ही गाठ मी दगड चढायले वापरत होतो. मंग त्या दुपारपासून रोज डब्याच्या वेळी तो आम्हाले सांगे.

तो सांगे की त्याच्या देशात आधी दगड चढणं म्हणजे मोठ्या घरच्यांचा शौक, प्रोफेसर, वकील, डॉक्टर असे लोक. मंग दुसरं महायुद्ध झालं, अन् युद्धानंतर धुरानं काळ्या पडलेल्या गिरणीच्या गावांतले पोट्टे निघाले, कोणी नळ जोडणारा, कोणी गवंडी, कोणी आमच्यासारखा फिटर. हप्ताभर राबायचं अन् सुटी झाली की बसनं, नाहीतर ट्रकले हात दाखवून, नाहीतर एका फटफटीवर लटकून दगडाकडं. फौजेनं विकायले काढलेल्या दोऱ्या, फौजेच्याच लोखंडी कड्या, पायात स्वस्तातले कापडी बूट, अन् दगड ओला असला तर बुटावरून मोजे चढवायचे म्हणजे पाय घसरत नाही. झोपायले गोठा नाहीतर कातळाखालची कपार. चिरीत हात घालून आतल्या आत मूठ आवळायची, म्हणजे हातच खुंटी होते, तसं करून ज्या चिरीले मोठे लोक अशक्य म्हणत त्या चिरी हे पोट्टे चढून गेले. त्यात पोरीही होत्या. साहेब त्यातला. पण तो म्हणे मी कधी पुढं नव्हतो, मी आयुष्यभर दुसरा, खालून दोरी धरणारा. अन् अभिमानानं म्हणे, आमच्या पुस्तकात दोरी धरणाऱ्याचंही नाव लिहितात.

ते पुस्तक काय, तर पहिल्यांदा कोण चढलं, कसं चढलं, हे सारं लिहून ठेवायचं. कुठं खिळा धरून वर ओढून घेतलं असेल तर तेही लिहायचं. मी विचारलं, साहेब, कोणी पाहून राहिलं नाही तर? तो म्हणला, कोणीच पाहत नसते. तिथं पंच नाही, शिट्टी नाही. चढणारा जो सांगेल तेच खरं धरतात, म्हणून खोटं सांगत नाहीत. तेव्हा मी मान डोलावली. पहा ना.

मंग मीच म्हणलं, साहेब, आमच्या गावापाशी असा एक दगड आहे. त्याचे डोळे असे चमकले. रविवारी मिलची जीप घेऊन आम्ही तिघं निघालो, भंडाऱ्यावरून वैनगंगेचा पूल ओलांडून करडी, तिथून जंगलाची वाट. सूपदगडापाशी एक म्हातारा शेळ्या चारून राहिला होता, आमचा सरंजाम पाहून म्हणला, काय गा, गुप्तधन काढता का? मी म्हणलं नाही बाबाजी, वर जाऊन राहिलो. तो म्हणला, वर जायले मागून पायवाट आहे ना, बाया लाकडं आणतात तिकडून, इथून कायले मरता? मी साहेबाले समजावून सांगितलं तर तो इतका हसला की खाली बसला. म्हणला, माही मायही हेच विचारे.

पण त्या म्हाताऱ्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, हसून नाही, बोट दाखवून सांगितली. वर देव आहे, या दगडात लोखंड ठोकायचं नाही. आमच्याकडं ते आहेच, देवाच्या दगडाले घाव घालत नाहीत. मले वाटलं झालं, आता खिळे कसे ठोकणार? साहेब म्हणला, शाबास, आमचाही कायदा हाच आहे, दगडाले जखम करायची नाही. मंग अडकवायचं काय? तर म्हणला आधी आम्ही नदीतले गोटे खिशात भरून नेत, चिरीत पाचर बसवावी तसा गोटा बसवायचा, त्याले दोरीचा फास घालायचा. पुढं पोट्ट्यांले रेल्वेच्या रुळाच्या कडेले पडलेले मोठे नट सापडले, ते दगडापेक्षा बरे. नटमधून दोरी ओवायची, तिची दोन्ही टोकं जोडून गाठ मारायची, नट चिरीत बसवायचा, दोरीले कडी लावून त्यातून आपला दोर जाऊ द्यायचा. पडलं तर नट धरून ठेवते.

नट म्हणलं की माहं काम आलं. पण साहेब म्हणला, एक गोष्ट. नटच्या आत आटे असतात, ते करवतीसारखे. आटे राहू दिले तर वजन आल्यावर दोरी कापली जाते. सगळे आटे लेथवर काढून टाकायचे, आतून काचेसारखं गुळगुळीत करायचं, कडा कानशीनं मोडायच्या. अन् चढायच्या आधी जो पुढं जाणार त्यानं प्रत्येक नटमध्ये करंगळी घालून फिरवून पाहायची. बनवणाऱ्यानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, आपली करंगळी घालायची.

मी बारा नट केले, लहान-मोठे. आजही छाती ठोकून सांगतो की ते बारा नट साहेबाच्या देशातही कोणाकडं नसतील. दोऱ्यांच्या गाठी साऱ्या देवरामच्या. पुढं देवराम, खाली दोर धरून मी, साहेब आपला बाजूले बसून हात करून करून सांगे. पाच-सहा रविवार गेले. देवराम त्या चिरीत असा जाई जसा घरच्या जिन्यावर. मी जड अंगाचा, मी मागून धापा टाकत. पन्नास फुटांपर्यंत त्यानं सारं उकललं, पाय कुठं, मूठ कुठं. त्याच्या वर चीर रुंद होत होती, तिथं आमचे नट आत पडून जात. देवराम खाली येऊन म्हणला, शालिक, मले एक मोठा लागते, मुठीएवढा.

साहेबाचे परत जायचे दिवस आले होते. मोठा नट मले भंगारात सापडला, पण त्या हप्त्यात लेथवर अर्जंट काम, फोरमन मागं उभा. मी शनिवारी गोल कानस घेऊन आतून दोन-चार हात मारले, वरवरचे आटे घासले, आतले राहिले. मले माहीत होतं राहिले म्हणून. मनात म्हणलं एकच तर आहे, अन् देवराम पडते कुठं, तो तर कधी पडला नाही. रविवारी दगडाखाली देवराम एकेक नट घेऊन करंगळी फिरवून राहिला होता, साहेबाची शिस्तच ती. मोठ्या नटमधून त्यानं दोरी ओवली, गाठ मारली, दोनदा ओढली, अन् मंग आठवून करंगळी पुढं केली. मी म्हणलं, अरे पाहिलं मी, झालं ते. त्यानं बोट मागं घेतलं. मतेचं काम, पाहावं लागत नाही.

साहेब मागच्या पायवाटेनं वर गेला होता, वर उभं राहून देवरामले हात द्यायचा होता त्याले. म्हणून खाली मी एकटा. देवराम पन्नास फुटांवर गेला, मोठा नट बसवला, दोर कडीत टाकला, खाली पाहून म्हणला, बसला नट रे, आता पहा. त्याच्यावर सहा-सात फूट गेला असेल अन् पाय सटकला. नटवर वजन आलं, अन् टक्क करून आवाज आला, सुतळी तुटते तसा, अन् तो आणखी खाली आला. खालच्या नटनं धरलं. तो त्या बारांतला होता, खरं काम केलेला, त्यानं जीव वाचवला. पण झोका खाऊन पाय कपारीवर आपटला, घोट्यात मोडला.

मी दोर सोडत सोडत त्याले खाली घेतलं. तो कुशीवर पडला, डोळे मिटले होते, पाणी मागून राहिला होता. अन् त्याच्या कमरेशी दोरावरून घसरत आलेली ती कडी होती, तिच्यात तुटलेली दोरी. मी पाहिलं. दोरी नटच्या तोंडाशी कापली होती, गाठेपासून चार बोटांवर. गाठ जशीच्या तशी.

आता जे सांगतो ते मी कौसल्यालेही सांगितलं नव्हतं. मी ती कडी काढली अन् गाठ सोडायले बसलो. म्हणजे लांब तुकडा हाती राहील अन् बारका तुकडा खिशात जाईल, अन् सांगता येईल की गाठ सुटली. ती सुटेना. झटका बसून अशी आवळली होती की माही नखं वाकली. मंग मी दातानं धरली. तो पाणी म्हणून राहिला होता अन् मी दातानं त्याची गाठ सोडून राहिलो होतो. सुटली, मंग लांब तुकड्याचं कापलेलं टोक माचिसनं जाळून गोल केलं, दोरीचं टोक आपण नेहमी करतो तसं. मंग त्याले पाणी पाजलं.

साहेब पायवाटेनं धावत आला. मी दोरी दाखवली, म्हणलं गाठ सुटली. साहेब त्या दोरीकडं पाहत राहिला, मंग देवरामच्या कपाळावर हात ठेवला. देवरामनं डोळे उघडले, म्हणला, सुटली? मी दोनदा ओढली होती ना बे. मी म्हणलं, सुटली गा.

दोन हप्त्यांनी, साहेब जायच्या आधीच्या रविवारी, मी म्हणलं साहेब, मी पुढं जातो, चीर पूर्ण करू. लोक म्हणाले काय हिंमत आहे मतेची, मित्र पडला तिथं हा गेला. हिंमत कसली घेऊन बसले, तो नट तिथंच अडकून होता. कोणी दुसरा चढला असता तर त्यानं करंगळी घातली असती. मी भीतीनं चढलो. देवरामनं शोधलेल्या पायऱ्यांवर पाय ठेवून चढलो, त्याच्या जागेवर मूठ आवळून, अन् नट काढून खिशात घातला, मंग उरलेलं वर गेलो. दुसऱ्या दिवशी तो नट भंगाराच्या ढिगात, तिथून भट्टीत. खालून दोर धरलेला साहेब माह्या मागून वर आला तर त्याच्या डोळ्यांत पाणी, माहे हात हातात घेतले, वहीत लिहिलं, पुढं मते, मागं मी. म्हणला, आज देव इथं पाहिजे होता. तो देवरामले देव म्हणे. पुढं त्याच्या क्लबच्या छापील पुस्तकाचं एक पान त्यानं पाठवलं, त्यात माहं नाव. काही वर्षांनी त्याच्या पोरीची चिठ्ठी आली, की गेला. मी त्याचा फार ऋणी आहे, त्यानं आम्हा मिलच्या माणसांले सांगितलं की हे तुमचंही आहे. अन् त्यालेच मी फसवलं.

देवरामचा पाय जुडला, पण लंगड राहिली. ते तो सोसून गेला असता. पण मिलमध्ये गोष्ट पसरली, अन् पहिल्याच दिवशी कोणी तरी म्हणलं, देवरामच्या गाठेखाली कोण उभं राहील बे? हसून म्हणलं, पण उभं कोणी राहिलं नाही. त्याले क्रेनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. मोहाडीतही लोक टोमणा मारत, कोष्टी असून गाठ सुटली म्हणे. तो डबा घेऊन माह्यापाशी येईनासा झाला. मले वाटे त्याले संशय आला. मले बरंच वाटे, तो लांब राहिलेला.

मंग किती वर्षांनी भंडाऱ्याच्या कॉलेजातल्या खेळाच्या शहारे मॅडमनं पोरापोरींचा क्लब काढला. त्या कुठून ऐकून माह्या घरी आल्या. त्यांचे उपकार मोठे, रिटायर झालेल्या माणसाले त्यांनी रविवार दिला. मी पोरांले साहेबाच्या गोष्टी सांगे, नट करून देई, अन् सावध राहावं म्हणून देवरामच्या गाठेची गोष्टही सांगे. मीच सांगे, पहा. तर पोरांनी काय केलं, कच्ची गाठ दिसली की म्हणायचं, ए, ही देवरामी झाली, सोड सोड. हसायचे. आठ वर्षं मी ते ऐकलं, अन् हसलो पण.

एका रविवारी एक नवी पोरगी आली. तिच्या गाठेले दुसरीनं देवरामी म्हणलं, तीही हसली. मंग पाणी प्यायले माह्यापाशी आली अन् विचारलं, आबाजी, देवरामी म्हणजे काय हो? माह्या आज्याचं नाव देवराम आहे. मी म्हणलं, कुठली तू? म्हणली, मोहाडीची, श्रुती पराते. माह्या हातातलं गिलास राहिलं तिथंच राहिलं. ती आपली बोलूनच राहिली, की आमचे आजोबा पण कधी दगडावरून पडले होते म्हणे, पण बोलत नाहीत. रोज संध्याकाळी दोरीचा तुकडा घेऊन बसतात, गाठ मारतात, ओढतात, सोडतात, पुन्हा मारतात. आजी म्हणते पाय मोडला तेव्हापासूनचं आहे. काहून करता विचारलं तर म्हणतात, चूक कुठं झाली ते पाहून राहिलो.

म्हणजे त्याले संशय नव्हता हो. तो वीस वर्षं आपली चूक शोधून राहिला होता.

मी मोहाडीले गेलो. अंगणात बसला होता, मले पाहून म्हणला, ये शालिक, बस. आत आवाज दिला, चहा टाक वं. मी बसलो नाही. उभ्यानंच सारं सांगितलं, नट, आटे, फोरमन, कानस. तो ऐकून राहिला. मंग विचारलं, आटे होते? हाव. करंगळी घातली असती तर समजलं असतं? हाव. मी घालतच होतो. हाव गा, मीच थांबवलं तुले. मंग म्हणला, अन् गाठ?

मी म्हणलं, गाठ जशीच्या तशी होती. मी सोडली. सुटत नव्हती, नखं वाकली, मंग दातानं सोडली. तू पाणी मागत होता तेव्हा.

तो म्हणला, परत सांग. मी परत सांगितलं. त्यानं आवाज दिला, ऐकलं का वं, बाहेर ये. वहिनी बाहेर आल्या. देवराम म्हणला, सुटत नव्हती म्हणते हा, दातानं सोडली म्हणते. त्याच्या हातात तो दोरीचा तुकडा होता, तो त्यानं खाली ठेवला. मंग माह्याकडं पाहिलं. म्हणला, शालिक, पायाचं काही नाही, पडणारा पडतेच. पण तू माहे हात घेतले. वीस वर्षं मी नातवंडांच्या पाळण्याची दोरी दुसऱ्याकडून बांधून घेतली, माहीत आहे तुले? वहिनी रडायले लागल्या. मी पाया पडायले वाकलो तर तो म्हणला, नको, हात नको लावू. चहा उतरव वं, हा पिणार नाही. अन् मले म्हणला, माह्या कानात सांगून काय होते? ज्याईनं नाव ठेवलं त्याईले जाऊन सांग.

त्या रविवारी दगडाखाली मी सगळ्या पोरांले बसवलं अन् जे तुम्हाले सांगितलं ते सांगितलं. श्रुती समोर बसली होती, तिनं एकदाही मान खाली घातली नाही, मीच घातली. मंग एक पोट्टा, मोठा चावट आहे, म्हणला, मंग आता कच्च्या गाठेले काय म्हणायचं, शालिकी? मॅडम त्याच्यावर ओरडल्या. मी म्हणलं, म्हणू द्या मॅडम, पण माही गाठीची चूक नाही, नटची आहे. ज्या नटात आटे राहिले त्याले म्हणा. आता म्हणतात. परवा एक पोरगी म्हणली, हा शालिकी आहे, फेका. मले वाईट वाटलं नाही, खरं सांगतो, हलकं वाटलं.

पाटी बदलली. मी म्हणलं माहं नाव पूर्ण काढा, मॅडम म्हणल्या, नाही काका, जसं झालं तसं लिहू. आता तिथं लिहिलं आहे, देवराम पराते, पन्नास फुटांच्या वरपर्यंत पुढं. उरलेलं, त्यानंतर, शालिकराम मते. देवराम पडले ते नटच्या दोषानं. साहेबाच्या क्लबलेही पत्र गेलं मॅडमच्या हातून, उत्तर अजून नाही, येईल तेव्हा येईल. घरी कौसल्यानं तो पेपरातला फोटो भिंतीवरून उतरवला. रागानं नाही. म्हणली, तुम्हालेच पाहावत नव्हता ना? हप्ताभर बोलली नाही, मंग आपोआप बोलली. तिचेही उपकार.

अन् एका रविवारी श्रुतीच्या स्कूटीवर मागं बसून देवराम आला. म्हातारा झाला, पण हात तेच. दगडापाशी बसला अन् एकेकाले बोलावून गाठ पाहू लागला. ढिली का बे, सोड. इथं बोट जाते कसं वं पोरी, पुन्हा मार. पोरं त्याच्याभोवती अशी बसतात की ऊन लागलं तरी उठत नाहीत. आता तो दर रविवारी येते. माह्याशी बोलत नाही. आधी शालिक म्हणे, आता काही लागलं तर म्हणते, ओ मते, ती कॅन इकडं द्या. अहो-जाहो करते, काय सांगू, ते शिवीपेक्षा लागते. पण मी कॅन देतो. पाणी ओतून गिलास त्याच्या हातात देतो, तो घेते, पिते.

मले माफी मिळाली का, असं विचाराल तर मी त्याले विचारलं नाही अन् विचारणार नाही. ते त्याचं आहे, त्याच्यापाशी राहू द्या. मले या वयात जेवढं मिळालं तेवढं खूप झालं. देवानं खरं बोलायपुरतं आयुष्य ठेवलं, अन् ज्याचं बिघडवलं त्यालेही ते ऐकायपुरतं ठेवलं, असं किती जणांचं होते? मागच्या रविवारी जाताना त्यानं स्कूटी थांबवायले लावली, माह्याकडं न पाहता म्हणला, ऊन वाढून राहिलं, पुढच्या वेळी सातले येत जा. अन् गेला. मी घरी येऊन कौसल्याले म्हणलं, रविवारी मले सहाले उठव. त्याची पोरं-नातवंडं सुखी राहोत, त्याचे हात असेच राहोत. बस, एवढं लिहा.